लहान मुलाच्या वाढदिवसाला काय घ्यायचं? गोव्यातल्या नव्या मामा-मावश्यांसाठी

पहिल्यांदा मामा झालो तेव्हा मला वाटायचं प्रेझेंट म्हणजे काय, दुकानात जायचं, सगळ्यात मोठा खोका उचलायचा, चकचकीत कागद गुंडाळून घ्यायचा आणि झालं. भाचीच्या दुसऱ्या वाढदिवसाला मी सायरन वाजणारी, दिवे लुकलुकणारी रिमोटची जीप घेऊन फोंड्याला गेलो. जीप सुरू केली आणि पोर जी किंचाळली ती थेट आजीच्या मागे, "म्हाका नाका, म्हाका नाका". सगळे हसले, मीही हसलो, पण आतून वाईट वाटलं हो. ताईने दुसऱ्या दिवशी जीप कपाटावर टाकली ती आजतागायत तिथेच आहे, सायरनला ती जास्त वैतागली होती. आणि त्याच संध्याकाळी भाची काय करत होती माहितीय? पाहुण्यांना सोलकढी द्यायला काढलेले स्टीलचे पेले एका टोपात घालायचे, बाहेर काढायचे, परत घालायचे. तासभर! कोणाचं लक्ष नव्हतं, माझंही नव्हतं, नंतर फोटो बघताना लक्षात आलं की प्रत्येक फोटोत मागे ती आणि तो टोप आहे.

तेव्हापासून तिचे दोन वाढदिवस झाले, मित्रांच्या मुलांचे वेगळे, आणि आता निदान कपाटावर जाणारं काही आणत नाही. जे कळलंय ते क्रमाने लिहितो. साधारण एक ते सहा वर्षांच्या मुलांचंच लिहितोय, त्यापुढची मुलं स्वतःच यादी देतात.

आधी मूल बघा, दुकान नंतर

पहिलं काम, आईला फोन. सरप्राइज मुलाला द्यायचंय, आईला नाही. तीन गोष्टी विचारा: सध्या दिवसभर कशात रमतं, घरात आधीच काय काय आहे, आणि काय अजिबात आणू नको. तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा आहे कारण फ्लॅटमध्ये दोन खोल्यांत राहणाऱ्यांना तुमचा पाच फुटी टेडी म्हणजे शिक्षा असते. आई भिडेखातर "काही नको रे, तू ये म्हणजे झालं" म्हणाली तर आजीला विचारा. आजी खरं सांगते.

दुसरं काम, जमलं तर एक संध्याकाळ त्या घरी जाऊन बसा आणि मूल काय करतं ते बघा. काय आवडतं हे नाही, काय *करतं* ते. हा फरक मला फार उशिरा कळला. "त्याला गाड्या आवडतात" असं सगळे सांगतात आणि मग वाढदिवसाला सात गाड्या येतात. पण तो गाड्यांचं करतो काय? एक मुलगा त्या रांगेत लावतो, रंगाप्रमाणे, एक हलली तर ओरडतो. त्याला आठवी गाडी नको, त्याला लाकडी ठोकळे द्या, डोमिनो द्या, रांगा लावत बसेल. दुसरा गाडीत माती, खडे, सुपाऱ्या, जे मिळेल ते भरतो आणि दुसरीकडे नेऊन ओततो, त्याला मागे हौदा असलेला मोठा डंपर आणि एक छोटं फावडं हवं. तिसरा उताराच्या पाटावरून गाडी सोडून ती कुठे जाते ते बघतो, त्याला रुळ जोडायचा सेट. तिघांचंही नाव 'गाड्या आवडणारा मुलगा' पण तिघांची क्रियापदं वेगळी. घालणे-काढणे, ओतणे, ढकलणे, चढणे, रांग लावणे, गुंडाळणे, बडवणे, कोणाला तरी जेवायला वाढणे... क्रियापद सापडलं की अर्धं काम झालं. माझ्या भाचीचं क्रियापद तेव्हा 'घालणे-काढणे' होतं आणि मी तिच्यापुढे 'पळून जाणे' आणून ठेवलं.

पुढच्या वर्षी मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून एकात एक बसणारे स्टीलचे पाच डबे, एक छोटा डाव आणि लहान गाळणी घेतली. खेळणं नाहीच, खरी भांडी. त्याच्यावर दीड वर्ष निघालं. पाहुण्यांपैकी एक मावशी म्हणाल्या, "मामान आयदनां हाडलीं?" (मामाने भांडी आणली?) म्हणू देत.

वयाचं ढोबळ गणित

खोक्यावर वय लिहिलेलं असतं ते हुशारीचं नाही, सुरक्षेचं असतं, हे आधी डोक्यात घ्या. "आमचा खूप शार्प आहे, तीन प्लस चालेल" म्हणून दीड वर्षाच्या मुलाला बारीक तुकड्यांचा सेट देऊ नका, शार्प मूलसुद्धा तो तोंडातच घालतं.

एक वर्षाच्या वाढदिवसाला खरं तर मुलाला काहीच कळत नसतं, तो सोहळा मोठ्यांचा. ढकलत चालायची लाकडी गाडी, जाड पुठ्ठ्याची पुस्तकं, आत-बाहेर करायचे डबे-कप, बास. दोनला ओतणं, भरणं, चढणं. तीनला भातुकली खरी रंगते, मुलगा असो की मुलगी, आणि कोणी "मुलग्याला कसली भातुकली" म्हणालं तर गोव्यातल्या लग्नातला आचारी कोण असतो ते विचारा. चार-पाचला नियमांचे खेळ सुरू होतात, साधी सापशिडी, जोड्या लावायचे पत्ते, पण हरलं की रडारड असते तेव्हा सगळे मिळून जिंकतात असे खेळ बरे. सहाला वाचायला लागतात आणि काहीतरी जमवायलाही लागतात, शिंपले, बस तिकिटं, काहीही.

सायकलीबद्दल सगळे विचारतात म्हणून थोडं सविस्तर. साधारण तीन-चार वर्षांना १२ इंची चाक, पाच-सहाच्या आसपास १६ इंची, पण इंचापेक्षा सीटवर बसवून दोन्ही पाय जमिनीला टेकतात का ते बघा. "वाढत्या अंगाची" म्हणून मोठी सायकल घेतली की मूल घाबरतं आणि ती दोन वर्षं बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, उभी राहते. आपल्याकडे उतार किती, वाड्यावरचे रस्ते किती अरुंद आणि त्यावरून भाड्याच्या स्कूटर कशा सुसाट जातात ते माहितीच आहे, त्यामुळे घराला अंगण आहे का, सोसायटीत जागा आहे का हे विचारल्याशिवाय सायकल घेऊ नका. समुद्राजवळ घर असेल तर चेनला तेल घालायला पण शिकवा, खारा वारा लोखंड खातो.

टॅब नको. मी सांगत नाही, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलंय की दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वर्षांना दिवसाला एक तासाच्या वर नको.

सुरक्षा, हे वगळू नका

१ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. मार्क बघायचा कसा, तर आयएसआयच्या चिन्हावर आयएस नंबर असतो (साध्या खेळण्यांना आयएस ९८७३, विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्यांना आयएस १५६४४) आणि खाली सीएम/एल लिहून आकडे असतात. ते आकडे भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर नावाच्या ॲपमध्ये टाकले की कंपनीचं नाव येतं. नाव आणि खोक्यावरचं नाव जुळत नसेल तर ठेवून द्या. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. हस्तकला आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांना मात्र यातून सूट आहे, म्हणून चिताऱ्याच्या (लाकडावर रंगकाम करणाऱ्या कारागिराच्या) लाकडी बैलगाडीवर आयएसआय नाही म्हणजे फसवणूक असं नाही. तिथे तुमचे डोळे वापरा: कोपरे टोकदार आहेत का, चाकं ओढल्यावर निघतात का, आणि ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून रंग उतरतो का. रंग उतरला तर तोंडात घालणाऱ्या वयाला ते नको.

तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी तुकड्यांचा आकार. प्रयोगशाळेत ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात जे पूर्ण मावतं ते धोक्याचं धरतात. घरी टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी घ्या, ती थोडी मोठीच असते, तिच्यातून जे आरपार जातं ते देऊ नका. सोन्याची अंगठी, डूल वगैरे आजी-आजोबा हौसेने देतात ते पण यातच आलं, ते आईच्या हातात द्या, बाळाच्या नाही.

आता ज्या तीन गोष्टींना मी खरोखर घाबरतो त्या. एक, बटण सेल, त्या नाण्यासारख्या चपट्या बॅटऱ्या. गाणं वाजणाऱ्या ग्रीटिंग कार्डात, दिवे लागणाऱ्या स्वस्त खेळण्यात, छोट्या रिमोटमध्ये असतात. गिळली आणि अन्ननलिकेत अडकली की दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते, मूल रडेलच असंही नाही. बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ते खेळणं घ्यायचंच नाही, विषय संपला. माझ्या त्या जीपच्या रिमोटचं झाकण नखाने उघडत होतं हे मला वर्षभराने कळलं, तेव्हा पोटात गोळा आला. दोन, बारीक शक्तिशाली लोहचुंबकाच्या गोळ्या, दोन गिळल्या तर आतड्याला चिमटा बसतो. तीन, पाण्यात फुगणारे रंगीत जेलीचे मणी, ते पोटातही फुगतात. यातलं काही गिळल्याचा नुसता संशय आला तरी ओकारी काढायचा प्रयत्न न करता १०८ ला फोन किंवा सरळ बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ), किंवा जवळचं जिल्हा इस्पितळ. आणि फुगे, पार्टीतले साधे रबरी फुगे, फुटल्यावर त्याचे तुकडे लगेच उचला, घशात चिकटतात.

घ्यायचं कुठून

ऑनलाइन सगळेच घेतात, त्यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त वाढदिवसाच्या आठ दिवस आधी मागवा आणि लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये वाचा, फोटोत सगळंच मोठं दिसतं.

लाकडी खेळण्यांसाठी माझं मत विचाराल तर एक रविवार काढून सावंतवाडीला जा. पत्रादेवीची हद्द ओलांडली की बांदा, मग सावंतवाडी, मोती तलावाजवळ गाडी लावा आणि चितारआळीत शिरा. लाकडी फळं-भाज्या, भोवरे, भातुकली, बैलगाड्या, हातात धरून वजन बघता येतं, हवा तो रंग मागता येतो. आपल्याकडे कुंकळ्ळीचे चितारीही लाखेचं रंगकाम करतात, पाट, पाळणे वगैरे, बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला नाव घालून छोटा पाट करून घेतला तर ते मूल मोठं झाल्यावर त्याच पाटावर औक्षणाला बसेल. आधी जाऊन सांगावं लागतं, ऐनवेळी मिळत नाही. मातीची बुडकुली, चुली डिचोलीच्या कुंभारांकडच्या बघा. आणि जत्रा! म्हार्दोळ, शिरगाव, जुन्या गोव्याचं ३ डिसेंबरचं फेस्त, तिथली भिरभिरी आणि पत्र्याच्या बोटी मला अजून आवडतात, पण पत्र्याच्या कडा हाताला कापतात, तेव्हा ती पाच-सहाच्या पुढे आणि मोठं कोणी बरोबर असताना.

पुस्तकांसाठी ज्योत्स्ना, तूलिका, प्रथम बुक्स, नॅशनल बुक ट्रस्ट यांची मराठी चित्रपुस्तकं बघा, स्वस्त असतात, पाकिटात पाचशे एक घालता त्यापेक्षा दोनशेची चार पुस्तकं आणि तीनशे एक घाला.

हे सगळं घेताना पावसाळा लक्षात ठेवा. जूनपासून चार महिने आपल्या घरात चपला, पट्टे, लोणच्याच्या बरणीचं झाकण, सगळ्याला बुरशी येते, खेळणी काय वेगळी? जाड केसांचं सॉफ्ट टॉय म्हणजे बुरशीचं घर, धुता येत नसेल तर घेऊ नका. कच्च्या लाकडाचं खेळणं ओल धरतं, लाखेचं किंवा पॉलिशचं टिकतं. बॅटरीच्या खेळण्यातले सेल खेळून झाल्यावर काढून ठेवा असं आईला सांगा, नाहीतर गणपती येईपर्यंत आत हिरवं साचतं.

आता 'खास' म्हणजे काय

वरचं सगळं चांगलं प्रेझेंट झालं. खास म्हणजे जे दुसरा कोणी देणार नाही, आणि त्याला पैसे जास्त लागतात असं काही नाही. मला आवडलेल्या दोन गोष्टी सांगतो.

पहिली, कवाथा. माडाचं रोप. ज्यांच्या घरी भाट (माडाची बाग) आहे, निदान परसात २५ फुटांची मोकळी जागा आहे त्यांच्यासाठी. एका मित्राच्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला मी हेच दिलं, जूनमधला वाढदिवस, पहिला पाऊस पडून गेलेला, एक मीटर लांब-रुंद-खोल खड्डा आदल्या दिवशी करून ठेवला होता, तळाला माती-शेणखत घालून रोप लावलं आणि बाळाचा हात धरून तांब्याने पाणी घातलं. बाणवली जात घेतली, नाव आपल्याच बाणवलीवरून आलंय, उंच वाढते. उंच जातीला फळ धरायला सहा-आठ वर्षं लागतात, म्हणजे मुलगा दुसरी-तिसरीत जाईल तेव्हा त्याच्या माडाला त्याचा पहिला नारळ. बुटकी जात तीन-चार वर्षांतच धरते, धीर नसेल तर ती. रोपं चांगल्या रोपवाटिकेतून घ्या, जुन्या गोव्यात एला इथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे तिथे चौकशी करा. दर वाढदिवसाला मूल आणि माड शेजारी उभे करून एक फोटो. पहिल्या फोटोत बाळ आणि कवाथा साधारण एकाच उंचीचे आहेत, नंतर माड जो निघतो तो निघतोच. फ्लॅटवाल्यांना अर्थात उपयोग नाही, कुंडीत माड लावू नका, दोघांचा छळ.

दुसरी, घुमट. चार-पाच वर्षांचं मूल जर 'बडवणे' या क्रियापदात असेल, टेबल, डबे, बाबांची पाठ, तर त्याला प्लास्टिकचा ड्रम देण्याऐवजी छोटं घुमट द्या. चवथीला घरोघर आरत्यांना वाजतं तेच, मातीचं भांडं, मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं, लहान तोंड उघडं, एका हाताने वाजवायचं आणि दुसऱ्या तळव्याने मागचं तोंड झाकत-उघडत आवाज घुमवायचा. २०१९ मध्ये गोवा सरकारने त्याला राज्याचं वारसा वाद्य जाहीर केलंय. पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे, वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यावर बंदी आहे, आता बकऱ्याचं लावतात, घेताना स्पष्ट विचारून घ्या. मातीचं आहे, पडलं तर गेलं, म्हणून बसून मांडीवर घेऊन वाजवायचं हा नियम पहिल्याच दिवशी. पावसात कातडं सैल पडतं, वाजवण्याआधी थोडं शेकवावं लागतं, ते मोठ्यांचं काम. मुलाला खरं वाद्य मिळालं की ते आरतीत मोठ्यांच्या ओळीत बसतं, हे मी स्वतः बघितलंय, चेहरा बघण्यासारखा असतो.

वस्तू नकोच असेल तर दिवस द्या. विमानवेड्या मुलाला बोगमाळोचं नौदल विमान संग्रहालय (सोमवारी बंद), प्राणीवेड्याला बोंडला (गुरुवारी बंद), प्रश्न विचारून डोकं खाणाऱ्याला मिरामारचं विज्ञान केंद्र. पणजीत पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, १८३२ साली सुरू झालेलं, मुलांचा वेगळा विभाग आहे, तिथे दर महिन्याला एकदा मी नेईन असं कबूल करा आणि मग खरंच न्या. आणि तीन वर्षांच्या मुलाला काहीच सुचत नसेल तर रायबंदरहून चोडणला फेरीबोटीतून नेऊन आणा, परत आणा, परत न्या. ज्या दिवशी नेणार तो दिवस चिठ्ठीवर लिहून द्या, "कधीतरी जाऊया" हे प्रेझेंट नव्हे.

द्यायच्या दिवशी

जोडायचं काही असेल तर घरून जोडून न्या. सेल लागत असतील तर घालून न्या. बिल वेगळं आईकडे द्या, बदलायची वेळ येते. केक कापल्यावर पन्नास माणसांच्या गोंगाटात प्रेझेंट उघडायला लावू नका, त्यात मूल कागद फाडतं आणि पुढचं उचलतं, तुमचं कुठलं ते कोणालाच कळत नाही. मी हल्ली दुसऱ्या दिवशी सकाळी जातो. घर शांत असतं, उरलेला केक असतो, मूल एकटं असतं, आणि जमिनीवर बसून अर्धा तास त्याच्याबरोबर ते खेळायला मिळतं. शिकवायचं नाही, नुसतं बसायचं.

या वर्षी भाचीचा पाचवा, चवथीच्या पंधरा दिवस आधी येतोय. तिचं क्रियापद गेले चार महिने 'बडवणे' आहे. घुमट सांगून ठेवलंय. काल ताईचा फोन आला, तिला कुठून तरी कळलं होतं, म्हणाली, "जीप तरी कपाटावर मावली. हें रात्री नऊनंतर वाजलं ना, तर घुमट आणि भाची दोघांनाही तुझ्याकडे आणून सोडीन."